पावसाळ्यात डायनासोरच्या मॉडेलवर पांढरी साय धरते, तेव्हा काय तपासायचं

मॉडेल जोडून झालं, रंगवून झालं, वॉर्निशचा शेवटचा फवारा मारून पडवीत ठेवलं. पाच मिनिटांनी बघावं तर तपकिरी पाठीवर चुन्याचं पाणी शिंपडल्यासारखी पांढरट साय. मी रत्नागिरीत राहतो, समुद्र घरापासून दीड किलोमीटरवर. पावसाच्या चार महिन्यांत माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक मॉडेलांचं दुखणं हेच असतं. पोरं रडवेली होऊन येतात, कारण दोन-तीन आठवड्यांचं काम शेवटच्या फवाऱ्यात गेलं असं त्यांना वाटतं. ते गेलेलं नसतं. बहुतेक वेळा खालचा रंग जसाच्या तसा असतो. बिघडतं ते त्यानंतरच्या घाईत, म्हणून आधी लक्षणं ओळखा आणि मगच हात लावा.

लक्षणं

मॉडेल खिडकीपाशी नेऊन तिरक्या उजेडात धरा. आधी पाठ बघा, पोट नंतर. पोट बहुधा फिकट रंगाचं असतं, तिथे साय धरलेली कळतच नाही.

पाठीवर, मांडीवर, शेपटीवर सगळीकडे सारखीच पातळ साय आहे, ती फवाऱ्यानंतर काही मिनिटांतच आली आणि बोट फिरवलं तर खाली गुळगुळीत लागतंय, तर ते हवेतल्या ओलाव्याचं काम. हा लेख मुख्यतः याच दुखण्याबद्दल आहे.

खवल्यांच्या खाचांत, मानेच्या घड्यांत, बोटांच्या बेचक्यात पांढरी पूड साचल्यासारखी दिसते आणि उंचवटे मात्र स्वच्छ आहेत, तर मॅट (बिनचकाकीचं) वॉर्निश नीट हलवलेलं नाही किंवा थर जाड बसला आहे.

पांढरा डाग फक्त सांध्यांभोवती आहे, जबड्याच्या बिजागरीपाशी किंवा शिंगाच्या मुळाशी, तर ती सुपरग्लूची वाफ. सुपरग्लू ओलाव्यानेच घट्ट होतो. त्यातून उडालेली वाफ दमट हवेत आजूबाजूला पांढरी होऊन बसते.

टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे किंवा गोल ठिपके आहेत आणि एअरब्रश (दाबलेल्या हवेने रंग फवारणारा ब्रश) वापरला आहे, तर त्याला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरमधलं पाणी नळीवाटे आलं.

नखाने रंगाचा पापुद्रा निघतो, किंवा चार दिवसांनीही बोट चिकटतं, किंवा कोंदट वासाची हिरवट-राखाडी लव दिसते, तर ही तीन दुखणी वेगळी आहेत. त्यांचं थोडक्यात पुढे येईल.

साय धरते कशी

गेल्या आषाढात शेजारचा सातवीतला मुलगा ट्रायसेराटॉप्स घेऊन आला. बोरिअलोपेल्टा नावाच्या चिलखती डायनासोरच्या कातडीत लालसर तपकिरी रंगाचे अवशेष सापडले, त्याची पाठ गडद आणि पोट फिकट असावं, असं २०१७मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं होतं. ते त्याने कुठेतरी वाचलं आणि आपल्या ट्रायसेराटॉप्सला तसाच रंग दिला. नुकत्याच चिरलेल्या जांभ्याचा असतो तसा लाल-तपकिरी, पोटाकडे उतरत गेलेला. काम सुरेख होतं. त्याच्या मानेमागच्या झालरीवर साय अशी पसरली होती की तांबडा रंग गुलाबी दिसत होता. मी विचारलं, "फवारा कधी मारलास?" म्हणाला, "काका, झड थांबली होती ना, लगेच मारून घेतला."

नेमकी तीच वेळ वाईट. पाऊस थांबला म्हणजे हवा कोरडी झाली असं नाही. झड थांबल्या थांबल्या अंगणातून, कौलांवरून, झाडांवरून वाफ उठत असते.

स्प्रेच्या डब्यातलं द्रावक पृष्ठभागावरून भराभर उडतं आणि उडताना तिथली उष्णता घेऊन जातं. हातावर स्पिरिट पडल्यावर गार लागतं ना, तसंच. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या जरासा वर असतो. म्हणजे वॉर्निशचा ओला थर दोन अंशांनी गार झाला की पुरे, त्यावर दव पडतं. ते पाणी अर्धवट सुकलेल्या थरात शिरतं, त्यातली राळ नीट एकसंध होऊ देत नाही आणि आत सूक्ष्म पोकळ्या राहतात. उजेड त्या पोकळ्यांवर विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. पांढरा असा कुठला पदार्थ तिथे नसतोच. म्हणून ती साय घासून निघत नाही.

उलट हवा ३० अंश आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर दवबिंदू साधारण १८ अंशांवर असतो. मधलं अंतर जवळजवळ १२ अंशांचं. तेवढा गार तो थर होतच नाही. डिसेंबरात तोच डबा, तोच हात, तीच पडवी, आणि साय नाही, त्याचं कारण हे. डबा खराब निघाला म्हणून दुकानदाराशी भांडायच्या आधी हा हिशोब करा.

पहिली तपासणी: काहीही करू नका

चोवीस तास थांबा. पैसे लागत नाहीत, पण हेच सगळ्यांत अवघड जातं. साय हलकी असेल तर थर पूर्ण सुकताना अडकलेलं पाणी निघून जातं आणि ती आपोआप विरळ होते. या चोवीस तासांत दुसरा थर मारू नका, कापडाने पुसू नका, पॉलिश पेपर लावू नका. अर्धवट सुकलेल्या वॉर्निशवर कापड फिरवलं की धागे चिकटतात आणि सोपं काम अवघड होतं. मॉडेल घरातल्या कोरड्या खोलीत ठेवा. स्वयंपाकघरात ठेवू नका, तिथे वाफ असते. समुद्राकडच्या खिडकीतही ठेवू नका.

दुसरी: ओलं बोट

दुसऱ्या दिवशी बोट पाण्यात बुडवून सायीवर हलकेच टेकवा. तीन गोष्टी होऊ शकतात.

बोट टेकलं तिथे पांढरं नाहीसं झालं, खरा रंग दिसला आणि सुकल्यावर पांढरं परत आलं, तर साय वॉर्निशमध्येच आहे. वरच्या बारीक पोकळ्यांत पाणी भरलं की उजेड विखुरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ही बातमी चांगली आहे, कारण खालचा रंग शाबूत आहे हे डोळ्यांनी दिसलं.

पांढरं बोटाला लागून निघालं आणि परत आलं नाही, तर ती धूळ, पूड किंवा मीठ. समुद्राकाठच्या घरांत खारं वारं खिडकीच्या काचेवर जसा थर देतं तसा मॉडेलवरही देतं. गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ ब्रशने पुसून घ्या. काम संपलं.

काहीच फरक पडला नाही, तर पांढरं आणखी खोलवर आहे, बहुधा दोन थरांच्या मध्ये. याला पुढचे उपाय लागतील आणि जास्त वेळ लागेल.

या जागी बरेच जण खोबरेल लावतात. पाण्याने जे क्षणभर होतं ते तेलाने टिकतं, साय गेल्यासारखी दिसते. मी स्वतः तीन मॉडेलांवर करून पाहिलं आहे. दिसायला खरंच छान दिसतं. पण त्यावर पुढचा थर धरत नाही, धूळ चिकटते आणि वर्षभरात खवल्यांच्या खाचा काळवंडतात. माझं मत स्पष्ट आहे: तेल लावू नका.

तिसरी: मिठाची बरणी

आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं आणि ते घ्यावंच. पण ते येईपर्यंत जाडं मीठ वापरा. मीठ हवेतलं पाणी ओढून घ्यायला लागतं ते आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की. जाड्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, म्हणून ते त्याच्याही थोडं आधी ओलसर होतं. आपल्याला तेच हवं आहे, इशारा जरा आधीच मिळालेला बरा. पिशवीतलं बारीक मीठ या कामाचं नाही, ते मोकळं राहावं म्हणून त्यात काहीतरी मिसळलेलं असतं.

मी जिथे रंगकाम करतो तिथे एका बशीत चमचाभर जाडं मीठ पसरून ठेवतो. फवारा मारायच्या दिवशी सकाळी तव्यावर गरम करून कोरडं केलेलं मीठ ठेवायचं आणि तीन-चार तासांनी बोटाने चाळवायचं. खडे सुटे राहिले, बोटाला कोरडे लागले, तर काम करता येईल. खडे एकमेकांना धरून आहेत, बशीला ओलसर कडा आली आहे, तर त्या दिवशी डब्याला हात लावू नका. त्या मुलाच्या घरची मिठाची बरणी मी मुद्दाम बघायला गेलो, तर मिठाचं पाणी होऊन खडे त्यात बुडाले होते. फवारा मारला त्या दिवशी घरात हवा कशी असणार, ते सांगायला यंत्राची गरज नव्हती.

आर्द्रतेचं यंत्र विकत घेतलं तर तेही याच मिठाने तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ आणि ते भिजेल एवढंच पाणी घालून चिखलासारखं करा. ते झाकण आणि यंत्र एका घट्ट पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५च्या आसपास यायला हवा. यंत्र ६८ दाखवत असेल तर ते सात टक्के कमी दाखवतं हे लक्षात ठेवून वापरा. स्वस्त यंत्रांमध्ये असा फरक बऱ्याचदा निघतो.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या काळात मला फवाऱ्यासाठी मिळतात ते श्रावणातले उघडिपीचे दिवस, तेही दुपारी साधारण बारा ते तीन. पहाटे आणि दिवेलागणीला हवा गार होते आणि आर्द्रता चढते, तेव्हा नाही.

चौथी: डबा आणि हात

डबा किमान दोन मिनिटं हलवा, आतली गोळी वाजायला लागल्यापासून मोजून. मॅट वॉर्निशमध्ये चकाकी कमी करणारी बारीक पूड असते आणि ती तळाशी बसते. न हलवता मारलं तर कधी नुसतं द्रावक येतं, तर कधी पूडच जास्त. खवल्यांच्या खाचांत साचणारं पांढरं बहुतेक वेळा हेच असतं. डायनासोरच्या मॉडेलांना हा त्रास विमानं-रणगाड्यांपेक्षा जास्त होतो, कारण कातडीच्या सुरकुत्या आणि खवले वॉर्निश अडवून ठेवतात.

अंतर वीत-सव्वावीत ठेवा, म्हणजे २० ते २५ सेंटिमीटर. जवळून मारलं तर थर जाड आणि ओला बसतो, सुकायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ दव पडत राहतं. फार लांबून मारलं तर थेंब हवेतच सुकतात आणि पृष्ठभाग वाळूसारखा खरखरीत होतो. फवारा मॉडेलच्या बाहेर सुरू करा, त्यावरून हात न थांबवता न्या आणि बाहेर सोडा. एका जाड थरापेक्षा दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने तीन पातळ थर बरे.

डबा गरम करायला चुलीजवळ किंवा गॅसजवळ कधीही नेऊ नका. आतलं द्रावक आणि वायू दोन्ही पेट घेणारे असतात. देव्हाऱ्यातला दिवाही फवारा मारण्याआधी शांत झालेला असू द्या किंवा तुम्ही दुसऱ्या खोलीत जा.

पाचवी: प्लास्टिक धुतलं होतं का, आणि आत पाणी राहिलंय का

किटचे भाग पोलादी साच्यात गरम प्लास्टिक दाबून काढतात. ते साच्यातून सुटावेत म्हणून लावलेल्या पदार्थाचा ओशटपणा कधीकधी भागांवर राहतो आणि रंग त्यावर नीट धरत नाही. पापुद्रे निघण्याचं पहिलं कारण ते. भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावरून कापायच्या आधीच कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून जुन्या दातांच्या ब्रशने धुवा आणि रात्रभर सुकू द्या. पावसात एका रात्रीने भागत नाही, दोन दिवस द्या.

पण खरी गोम पुढे आहे. डायनासोरचं धड दोन अर्ध्या कवचांचं असतं आणि आत पोकळी. जोडून झाल्यावर परत धुतलं, किंवा सांधा भरून ओला पॉलिश पेपर मारला, की पाठीवरच्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत जातं. बाहेरून मॉडेल ठणठणीत कोरडं. रंगवल्यावर ते पाणी त्याच फटीतून हळूहळू बाहेर येतं आणि मणक्याच्या रेषेत रंगाला फोड येतात किंवा तेवढाच पांढरा पट्टा उमटतो. एका मोठ्या सॉरोपॉडच्या (लांब मानेच्या डायनासोरच्या) पोटातून मी चमचाभर पाणी काढलं आहे. कानाशी धरून हलवलं तर ऐकू येत होतं.

तेव्हा मॉडेल कानाशी धरून हलवा. पांढरं फक्त मणक्याच्या किंवा पोटाच्या सांध्याला धरून असेल तर पोटाखाली, दिसणार नाही अशा जागी, दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा. पाणी निथळू द्या, तीन-चार दिवस उपडं ठेवा. नवं मॉडेल जोडताना हे भोक आधीच ठेवा. त्याचा आणखी एक फायदा आहे. प्लास्टिक सिमेंट (किट जोडायचा गोंद) पॉलिस्टायरिनला, म्हणजे किटच्या प्लास्टिकला, विरघळवून जोडतं आणि त्याची वाफ बंद पोकळीत कोंडली तर सांधा आतून मऊ राहतो. भोकातून ती निघून जाते.

सहावी: थिनर कोणता

एअरब्रशवाल्यांसाठी ही तपासणी महत्त्वाची. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं "थिनर द्या" म्हटलं की बहुधा एनसी थिनर हातात पडतं. ते लाकडाच्या आणि लोखंडाच्या कामाचं. ते झपाट्याने उडतं, म्हणजे पृष्ठभाग जास्त गार करतं, म्हणजे साय जास्त. शिवाय ते पॉलिस्टायरिन खातं. किटच्या उरलेल्या चौकटीच्या तुकड्यावर एक थेंब टाका, पाच मिनिटं थांबा आणि नखाने ओरखडा काढा. नख रुतलं किंवा पृष्ठभाग चिकट झाला तर ती बाटली या कामासाठी बंद.

मॉडेलांसाठीच्या लॅकर रंगांचं (द्रावक उडून भराभर सुकणाऱ्या रंगांचं) सावकाश उडणारं थिनर वेगळं मिळतं, किंवा नेहमीच्या थिनरमध्ये घालायचा रिटार्डर मिळतो. शंभर भागांना पाच ते दहा भाग पुरे. तो उडायला वेळ घेतो, पृष्ठभाग कमी गार पडतो आणि शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला सवड मिळते. जास्त घातला तर थर दिवसेंदिवस मऊ राहतो.

चिकटपणाचंही इथेच सांगतो. एनॅमल रंग जाड लावला तर पावसात सुकायला तीन-चार दिवस लागतात, ते चालायचंच. पण पंधरा दिवसांनीही बोट चिकटत असेल तर तो डायनासोर किटचा नसून मऊ व्हिनाइलचं खेळणं आहे का, ते बघा. जत्रेत मिळणारे रबरासारखे वाकणारे डायनासोर पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य वर येत राहतं आणि एनॅमलला सुकूच देत नाही. किती वाट बघितली तरी उपयोग नाही. तो रंग काढावा लागतो आणि पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रिलिक वापरावा लागतो.

साय काढायची कशी

इथवर तपासून साय ओलाव्याचीच ठरली असेल तर उपाय साधा आहे, दिवस तेवढा बरोबर निवडायला हवा. मीठ कोरडं असेल त्या दुपारी त्याच वॉर्निशचा अगदी पातळ थर मारा. त्यातलं द्रावक जुना थर वरवर विरघळवतं, कोंडलेल्या पोकळ्या मिटतात आणि या वेळी हवा कोरडी असल्यामुळे नवं दव पडत नाही. वॉर्निश मॅट असेल तर आधी ग्लॉसचा, म्हणजे चकचकीत वॉर्निशचा, पातळ थर मारून बघा, पोकळ्या भरायला तो जास्त चांगला. दुसऱ्या दिवशी वर मॅट. आधी चौकटीच्या रंगवलेल्या तुकड्यावर, मग शेपटीच्या टोकावर, आणि मगच बाकी अंगावर.

कोरडा दिवस मिळतच नसेल तर खोकं करा. बाजूला दोन भोकं असलेलं पुठ्ठ्याचं मोठं खोकं, आत झिरोचा जुना तारेचा बल्ब आणि एक थर्मामीटर. २८ अंशांची ९० टक्के दमट हवा नुसती ३५ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास उतरते. पाणी तेवढंच राहतं, हवेची ते धरून ठेवायची ताकद वाढते. मॉडेल अर्धा तास खोक्यात ठेवा, बाहेर काढून लगेच पातळ फवारा मारा, दहा मिनिटं उघड्यावर वाफ जाऊ द्या आणि मग परत खोक्यात ठेवा. फवारा खोक्याच्या आत किंवा पेटत्या बल्बजवळ मारायचा नाही, हे पोरांना मी दोनदा सांगतो. पारा ४०च्या वर जाऊ देऊ नका. पॉलिस्टायरिन १०० अंशांच्या आसपास पूर्ण मऊ होतं, पण बारीक शिंगं, दात आणि शेपटीचं टोक त्याच्या बरंच आधी वाकायला लागतं.

आषाढात आपल्याकडच्या गणपतीच्या शाळांत रंगकाम जोरात असतं. मूर्ती वाळवायला हॅलोजनचे दिवे लावलेले बघून अनेकजण तसाच दिवा मॉडेलसमोर ठेवतात. माती तो ताव सोसते, प्लास्टिक सोसत नाही. केस वाळवायचा ड्रायरसुद्धा जवळ धरू नका.

त्या ट्रायसेराटॉप्सला दोन थर लागले. पहिला ग्लॉसचा, नारळी पौर्णिमेच्या आधीच्या उघडिपीत, आणि दुसऱ्या दिवशी मॅटचा. झालर फवारा बसता बसता माझ्या डोळ्यांदेखत गुलाबीची तांबडी झाली. मुलगा काही बोलला नाही, नुसता खाली वाकून झालरीच्या कडेने बघत राहिला. डाव्या शिंगाच्या मुळाशी नखाएवढा पांढरा डाग तेवढा राहिला. तो सुपरग्लूचा होता, वॉर्निशने जाणाराच नव्हता. तिथे त्याने ब्रशने परत रंग लावला.

जून ते सप्टेंबर मी स्वतः लॅकरचा डबा शक्यतो उघडतच नाही. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक वॉर्निश मऊ ब्रशने पातळ लावतो. तेही लावल्यावर दुधाळ दिसतं, पण सुकताना स्वच्छ होतं. फक्त थर जाड असेल तर दुधाळपणा आत राहून जातो.

सातवी: कॉम्प्रेसर

हवा दाबली की तिच्यातलं पाणी टाकीत साचतं. पावसात किती साचतं ते टाकीखालचा नळ एकदा उघडून बघा, वाटीभर तांबूस पाणी निघालेलं मी पाहिलं आहे. नळ उघडण्याआधी कॉम्प्रेसर बंद करून दाब उतरवा. काम संपलं की रोज पाणी काढा. नळीत पाणी अडवणारी बाटली, म्हणजे वॉटर ट्रॅप, नसेल तर बसवून घ्या. नंतर कोऱ्या कागदावर नुसती हवा मारा. कागदावर ओले ठिपके आले तर मॉडेलवरही तेच येणार.

आठवी: सगळं उतरवणं

हा शेवटचा घरगुती उपाय. अ‍ॅक्रिलिक रंग असेल तर ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भाग बुडवून काही तास ठेवले आणि ब्रशने घासले की रंग सुटतो, पॉलिस्टायरिनला धक्का लागत नाही. झाकणाचं भांडं घ्या, हातमोजे घाला, आसपास ज्योत नको. लॅकर आणि एनॅमल यात पूर्ण निघतीलच असं नाही. ते काढायला जे जोरकस द्रावक लागतं ते प्लास्टिकही नेतं, म्हणून मी तिथे थांबतो.

बुरशी असेल तर मॉडेल बाकीच्यांपासून वेगळं करा, साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा. रंगावर पडलेले डाग मात्र राहतात.

कुठे थांबायचं

दोनदा कोरड्या दिवशी पातळ थर मारूनही साय तशीच असेल तर तिसरा थर मारू नका. प्रत्येक थराने खवल्यांच्या रेषा बुजत जातात आणि त्या परत मिळत नाहीत. मॉडेल बंद डब्यात ठेवा आणि दसऱ्यानंतर बघा, किंवा गाड्या रंगवणाऱ्या चांगल्या पेंटरकडे न्या. त्यांच्याकडे कोरड्या हवेची बंद खोली, सावकाश उडणारं थिनर आणि पाणी गाळणारा कॉम्प्रेसर असतो. नेताना प्लास्टिक पॉलिस्टायरिनचं आहे हे सांगा आणि आधी चौकटीच्या तुकड्यावर मारून दाखवायला सांगा. दोन द्रव मिसळून मारायचं टू-के क्लिअर त्याने सुचवलं तर ते त्याच्याच खोलीत, त्याच्याच हाताने होऊ द्या. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते श्वासावाटे जाणं धोक्याचं आहे. ते घरी आणू नका.

पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसले, किंवा भाग दाबल्यावर मऊ लागला, तर थिनरने प्लास्टिक खाल्लं आहे. त्याला रंगाचा उपाय नाही. तो भाग बदला किंवा मॉडेल आहे तसं ठेवा. कॉम्प्रेसरच्या टाकीला गंज चढलेला दिसला, किंवा दाबाचा काटा अडकत असेल, तर स्वतः उघडू नका. ती टाकी फुटू शकते, दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

आणि स्वतःच्या अंगाचं. कापडी किंवा धुळीचा मास्क द्रावकाची वाफ अडवत नाही, त्यासाठी कोळशाची डबी लावलेला मास्क लागतो. पावसाचं पाणी आत येतं म्हणून दारं-खिडक्या लावून फवारा मारला आणि डोकं जड झालं, मळमळलं, छातीत घरघर झाली, तर काम तिथेच सोडून मोकळ्या हवेत जा. लहान मुलांना आणि दमेकऱ्यांना त्या खोलीत त्या दिवशी जाऊ देऊ नका. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, किंवा श्वास लागला, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा आणि जाताना स्प्रेचा डबा बरोबर न्या. आत कोणती द्रावकं आहेत ते डब्यावर छापलेलं असतं, डॉक्टरांना ते आधी लागतं.